वाद, चर्चा आणि सोपविलेली सत्ता : एक तौलनिक विचार

१. विषयाची मर्यादा

स्वामी आणि सेवक, गुरू आणि शिष्य, देव आणि भक्त, राजा आणि प्रजा या नात्यांनी जगातील बहुतेक सर्व साहित्ये व्यापलेली आहेत. या नात्यांत एक पक्ष आज्ञा करतो व दुसरा ती पाळतो, एवढ्यावरून ती सर्व एकाच जातीची मानण्याची सवय समीक्षेत आढळते. परंतु त्यांच्यात एक मूलभूत भेद आहे. काही नात्यांत सत्ता जन्माने, रूढीने किंवा बळाने आलेली असते; काही नात्यांत ती एका पक्षाने जाणीवपूर्वक दुसऱ्याच्या हाती दिलेली असते. प्रौढ व्यक्ती परस्परसंमतीने, ठरलेल्या क्षेत्रापुरता आणि बहुधा ठरलेल्या काळापुरता, निर्णयाचा अधिकार एकाकडून दुसऱ्याकडे देतात अशा आधुनिक नात्याला पाश्चात्त्य चर्चाविश्वात जे नाव रूढ आहे, त्याचा अर्थ मराठीत ‘सत्ताविनिमय’ या शब्दाने पुरेसा व्यक्त होतो. अशी नाती केवळ शृंगाराच्या क्षेत्रात असतात असे नाही; पण तेथे ती सर्वांत स्पष्टपणे, कधी कधी लेखी कराराने, मांडली गेली आहेत.

अशा नात्याविषयी एक प्रश्न वारंवार उपस्थित होतो. ज्याने सत्ता दिली त्याला मतभेद व्यक्त करण्याचा हक्क उरतो काय? उरत असेल, तर मतभेद व्यक्त करणे आणि दिलेली सत्ता परत हिसकावून घेणे यांतील सीमारेषा कोठे आखावयाची? व्यवहारात याचे सोपे उत्तर दिले जाते : ‘चर्चा चालेल, वाद नको.’ हे उत्तर ऐकावयास समंजस वाटते. परंतु चर्चा कोणती आणि वाद कोणता हे ठरविण्याचा अधिकारही सत्ताधारी पक्षाकडेच राहिला, तर ज्या बोलण्याने त्याची गैरसोय होते ते प्रत्येक बोलणे ‘वाद’ ठरण्याचा धोका असतो. म्हणून हा भेद दोन्ही पक्षांच्या मर्जीबाहेरच्या निकषांवर उभा करता येतो का, हे पाहणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखात भारतीय वादशास्त्र, ‘भगवद्गीता’ व ‘ज्ञानेश्वरी’, ‘मिलिंदपञ्ह’, महानुभाव व वारकरी परंपरा आणि एकोणिसाव्या शतकातील एक जर्मन कादंबरी यांच्या आधारे असे निकष शोधण्याचा प्रयत्न केला आहे.

२. परिभाषेचा प्रश्न

प्रथम शब्दांची अडचण दूर केली पाहिजे. आजच्या मराठीत ‘वाद’ म्हणजे भांडणाकडे झुकणारे बोलणे. न्यायदर्शनात मात्र ‘वाद’ हा शब्द नेमका उलट्या टोकाला आहे. न्यायसूत्रांच्या पहिल्या अध्यायाच्या दुसऱ्या आह्निकात कथेचे तीन प्रकार सांगितले आहेत : वाद, जल्प आणि वितंडा. तत्त्वनिर्णयासाठी प्रमाण व तर्क यांच्या आधारे चालते ती कथा म्हणजे वाद. विजयासाठी छल, जाति इत्यादींचाही आश्रय घेणारी ती जल्प. आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ परपक्षाचे खंडन करणारी ती वितंडा. त्याच ग्रंथात पुढे असेही सुचविले आहे की, तत्त्वज्ञानासाठीचा संवाद शिष्य, गुरू, सहाध्यायी अशा असूया नसलेल्या माणसांशी करावा. म्हणजेच गुरू आणि शिष्य यांच्यातील उच्चनीचता वादाला बाधक मानलेली नाही. बाधक आहे ती असूया.

आपल्या विषयाला अधिक जवळचे विभाजन ‘चरकसंहिते’च्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात मिळते. एकाच विद्येच्या जाणकारांनी परस्परांशी करावयाच्या संभाषणाचे तेथे दोन भेद केले आहेत : संधाय संभाषा आणि विगृह्य संभाषा. संधि आणि विग्रह हे शब्द राजनीतीतले आहेत, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. पहिल्या प्रकारात समोरचा माणूस विद्वान, अकोपी, अनसूयक, स्वतः समजून घेणारा आणि समजावून सांगणारा असावा. त्याच्याशी विश्वासाने बोलावे, विश्वासाने विचारावे, पराभवाचे भय बाळगू नये आणि त्याला निरुत्तर केल्यास हर्ष मानू नये, असे तेथील उपदेशाचे तात्पर्य आहे. दुसऱ्या प्रकारात मात्र आधी प्रतिपक्षाचे बळ, स्वतःचे बळ आणि सभेचा कल यांची पारख करावयाची असते; कारण ते युद्धच आहे.

मराठीने या क्षेत्रात काही शब्द अरबी-फारसीकडूनही घेतले. ‘हुज्जत’ या शब्दाचा मूळ अर्थ पुरावा, प्रमाण असा. मराठीत ‘हुज्जत घालणे’ म्हणजे पुराव्याच्या नावाखाली अडून बसणे. ‘मसलत’ हा शब्द मात्र हिताच्या विचाराशी जोडलेला राहिला. निर्णय दुसऱ्याचा असतो, पण त्याच्या हितासाठी जे बोलले जाते ती मसलत. या लेखात ‘वाद’ हा शब्द आजच्या मराठी अर्थाने, म्हणजे विगृह्य संभाषेच्या अर्थाने, आणि ‘चर्चा’ हा संधाय संभाषेच्या अर्थाने योजिला आहे.

३. निर्णय आणि निर्णयाधिकार

चर्चा म्हणजे हळू आवाजातले आणि वाद म्हणजे चढ्या आवाजातले बोलणे, ही समजूत प्रथम बाजूला ठेवली पाहिजे. अतिशय नम्र शब्दांत वाद घालता येतो आणि रडत-ओरडतही चर्चा करता येते. खरा भेद बोलण्याच्या विषयात आहे.

एक साधे उदाहरण घेता येईल. दोघांनी मिळून असे ठरविले आहे की घरखर्चाचे निर्णय त्यांतील एकाने घ्यावेत. दुसरा म्हणतो, ‘या महिन्यात औषधांचा खर्च वाढला आहे, तेव्हा ठरविलेली रक्कम पुरणार नाही, पुन्हा विचार व्हावा.’ येथे बोलण्याचा विषय निर्णय आहे. बोलणारा निर्णय घेणाऱ्याला नवी माहिती पुरवितो आणि निर्णय त्याच्याकडेच ठेवतो. तोच जर म्हणाला, ‘हे ठरविणारा तू कोण?’ तर बोलण्याचा विषय निर्णय न राहता निर्णयाधिकार झाला. रक्कम हे केवळ निमित्त ठरले. आपण ज्याला वाद म्हणतो त्याचे लक्षण हेच की, प्रत्येक लहान प्रश्नाच्या निमित्ताने मूळ कराराचाच प्रश्न पुन्हा उकरला जातो, पण तसे उघडपणे म्हटले मात्र जात नाही.

आता तिसरे वाक्य पाहावे : ‘ही व्यवस्था उद्यापासून मला नको.’ यातही विषय निर्णयाधिकाराचा आहे. परंतु तो उघड आहे, थेट आहे. हा वादही नव्हे आणि चर्चाही नव्हे. ही संमतीची माघार आहे. वादात आपला पक्ष सिद्ध करावा लागतो, चर्चेत कारणे द्यावी लागतात. माघारीला कशाचीच आवश्यकता नसते. आधुनिक सत्ताविनिमयाच्या व्यवहारात आधी ठरविलेला एखादा शब्द उच्चारताच सर्व काही थांबते, हा संकेत याच तत्त्वावर उभा आहे. त्या शब्दाचे समर्थन मागितले जात नाही. ज्या नात्यात माघारीलाही ‘वाद’ म्हणून दडपले जाते, ते नाते सत्ताविनिमयाचे राहत नाही, त्याला दुसरे नाव द्यावे लागते.

४. अर्जुनाचे मौन आणि अर्जुनाचे प्रश्न

‘गीते’च्या दुसऱ्या अध्यायात अर्जुन आपण शिष्य असून शरण आलो आहोत, तेव्हा आपल्याला मार्ग दाखवावा, असे कृष्णाला सांगतो. हे सत्तेचे अर्पण स्पष्ट आणि स्वेच्छेचे आहे. परंतु त्यानंतर दोनच श्लोकांनी तो आपण युद्ध करणार नाही असे सांगून गप्प बसतो. ज्या प्रश्नाचा निर्णय त्याने नुकताच दुसऱ्यावर सोपविला, त्याचाच निर्णय तो स्वतः देऊन मोकळा होतो. यात आवाज चढलेला नाही, कटू शब्द नाही, किंबहुना शेवटी शब्दच नाही. तरी वर सांगितलेल्या अर्थाने हा वाद आहे. मौनही वाद असू शकते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

याहून महत्त्वाची आहे ती कृष्णाची प्रतिक्रिया. ‘तू शिष्य झालास, तेव्हा आता बोलू नकोस’ असे तो म्हणत नाही. अर्पणाचा आधार घेऊन तो अर्जुनाला गप्प करीत नाही. तो युक्तिवाद आरंभितो. तिसऱ्या अध्यायाच्या प्रारंभी अर्जुन जो प्रश्न करतो तो आक्षेपाचाच आहे : बुद्धी कर्माहून श्रेष्ठ असेल, तर या घोर कर्मात मला का लोटतोस? हा आक्षेप तीव्र आहे, पण तो निर्णयाधिकारावर नाही. आज्ञेतील विसंगतीवर आहे. शेवटी तो एक निश्चित मार्ग सांगण्याची विनंती करतो, म्हणजेच निर्णय पुन्हा कृष्णाकडे सोपवितो. आधीचे मौन वाद होते, हा आक्षेप चर्चा आहे.

इ. स. १२९० मध्ये सिद्ध झालेल्या ‘ज्ञानेश्वरी’त या स्थळाचा विस्तार विलक्षण आहे. ज्ञानदेवांचा अर्जुन दृष्टान्तांनी बोलतो : वैद्याने पथ्य सांगावे आणि स्वतःच विष द्यावे, तर रोग्याने जगावे कसे? आंधळ्याला आडवाटेला लावावे तसे हे झाले. शिष्याने गुरूला याहून कठोर प्रश्न क्वचितच विचारला असेल. तथापि प्रत्येक दृष्टान्तात गुरूचे स्थान अबाधित आहे. वैद्य वैद्यच राहतो. तक्रार आहे ती वैद्याने वैद्याचे काम करावे, अशी. पुढे अर्जुन गूढार्थ बाजूला ठेवून विवेक ‘मऱ्हाटा’ सांगावा अशी मागणी करतो. ‘मऱ्हाटा’ म्हणजे उघड, सर्वांना कळेल असा. सत्ता दिलेल्याचा पहिला हक्क आज्ञा स्पष्ट शब्दांत मिळण्याचा आहे, हे येथे मराठी भाषेच्या नावानेच सांगितले गेले आहे.

आणखी दोन स्थळे विचारात घेण्याजोगी आहेत. चौथ्या अध्यायात ज्ञानप्राप्तीचे उपाय म्हणून प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा ही तीन एकत्र सांगितली आहेत. नमन आणि सेवा यांच्या मध्यभागी परिप्रश्न, म्हणजे सर्व बाजूंनी केलेली पृच्छा, आहे. ती वगळून उरलेली दोन ज्ञानाला पुरेशी मानलेली नाहीत. दुसरे स्थळ अकराव्या अध्यायातील. विश्वरूप पाहून अर्जुन भयभीत होतो, ‘तू कोण?’ एवढाच प्रश्न उरतो, आणि पूर्वीच्या सख्याच्या सलगीबद्दल तो क्षमा मागू लागतो. सत्तेचे रूप असे भयावह झाले की चर्चा संभवत नाही. अर्जुन पूर्वीचे सौम्य रूप मागतो, ते त्याला दिले जाते, आणि बाराव्या अध्यायाचा आरंभ पुन्हा प्रश्नाने होतो. अखेर अठराव्या अध्यायात, सर्व काही सांगून झाल्यावर, कृष्ण त्याला याचा पूर्ण विचार करून इच्छेस येईल तसे कर असे सांगतो. दुसऱ्या अध्यायात घेतलेली सत्ता येथे परत केली जाते. त्यानंतरच्या अर्जुनाच्या होकाराला जे मूल्य आहे ते या परतफेडीमुळे आहे.

५. पंडितांची आणि राजांची बोलण्याची रीत

‘गीते’त सत्ता देणाऱ्याच्या बाजूने प्रश्न उभा राहतो, ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात तो सत्ताधाऱ्याच्या बाजूने उभा राहतो. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातील हिंद-ग्रीक राजा मिनँडर म्हणजेच मिलिंद हा भिक्षू नागसेनाला चर्चेचे आमंत्रण देतो. नागसेन एक अट घालतो : राजा पंडितांच्या रीतीने बोलणार असेल तर चर्चा होईल, राजांच्या रीतीने बोलणार असेल तर नाही. पंडितांच्या बोलण्यात गुंता सोडविला जातो, खंडन होते, चूक मान्य केली जाते, भेदाला प्रतिभेद केला जातो, आणि त्यावरून कोणी रागावत नाही. राजे मात्र एक गोष्ट मांडतात आणि जो ती मान्य करीत नाही त्याला दंड फर्मावितात. मिलिंद पंडितांची रीत स्वीकारतो आणि नागसेनाने निर्भयपणे बोलावे असे आश्वासन देतो.

येथे मिलिंद राज्य सोडत नाही. चर्चेपुरती तो दंडाची शक्ती बाजूला ठेवतो. यातून एक निकष मिळतो : ज्या बोलण्याचा परिणाम शिक्षा होऊ शकतो, त्याला चर्चा म्हणता येत नाही. सत्ताविनिमयाच्या नात्यात शिस्त आणि शिक्षा यांना मान्यता असेलही. पण मतभेद मांडणे हाच दंडनीय अपराध ठरला, तर सत्ताधाऱ्याला स्वतःच्या निर्णयाचे परिणाम कळण्याची वाट बंद होते. म्हणजे चर्चेची गरज केवळ सत्ता देणाऱ्याला नाही. ती सत्ता घेणाऱ्यालाही तितकीच आहे.

६. मराठीतील दोन नमुने : चर्चक आणि भांडखोर भक्त

महानुभाव परंपरेत म्हाइंभट हे चक्रधरांकडे प्रथम आले ते विद्येच्या अभिमानाने, वादासाठी. पुढे ते अनुयायी झाले आणि ‘लीळाचरित्रा’चे संकलन त्यांच्या हातून झाले. त्यांचा वाद अर्पणापूर्वीचा आहे आणि तो अर्पणापूर्वीच योग्य होता. कारण सत्ता कोणाला द्यावी हे ठरविताना वाद घालणे हे डोळसपणाचे लक्षण आहे. महदाइसेचा नमुना वेगळा. ती अनुयायी झाल्यावरही सतत काही ना काही विचारत राहिली, आणि चक्रधरांनी जिज्ञासक व चर्चक अशा शब्दांत तिची नोंद घेतली, अशी आठवण त्याच परंपरेने जपली आहे. अर्पणानंतरचा प्रश्न हा तेथे उणेपणा मानलेला नसून गौरवाचा विषय झाला आहे.

वारकरी संतांचे विठ्ठलाशी भांडण हे वरवर पाहता आपल्या विभाजनात बसत नाही. नामदेव, जनाबाई, तुकाराम यांनी देवाला कठोर शब्द सुनावले आहेत. जनाबाईचा संताप तर शिवीपर्यंत जातो. हा वाद म्हणावा काय? बारकाईने पाहिल्यास या भांडणाचा आधार बहुधा देवाचे ‘ब्रीद’ हा असतो. पतितांना पावन करण्याचे नाव तू लावतोस, मग ते खरे का करीत नाहीस, असा हा जाब आहे. ब्रीद म्हणजे करारातील देवाच्या बाजूचे कलम. भक्त करार मोडू पाहत नाही. दुसऱ्या पक्षाने तो पाळावा म्हणून भांडतो. शब्द कितीही तीव्र असले तरी ही चर्चेचीच बाजू आहे, आणि सूर हा निकष होऊ शकत नाही याचा हा मराठीतील सर्वांत सबळ पुरावा आहे.

७. करार आणि त्यातील उणीव

लेओपोल्ड फॉन झाखर-माझोख या गॅलिशियात जन्मलेल्या लेखकाची ‘व्हीनस इन फर्स’ ही कादंबरी १८७० मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच्या नावावरूनच क्राफ्ट-एबिंग या मनोवैद्यकाने पुढे ‘मॅसोकिझम’ ही संज्ञा घडविली. कादंबरीचा नायक सेव्हेरिन वांडा या विधवेला आपल्यावर अनिर्बंध सत्ता घेण्याविषयी आर्जवे करतो. ती आरंभी नाखूष असते. फ्लॉरेन्समध्ये लेखी करार होतो. जील दलूझ यांनी १९६७ मधील आपल्या विवेचनात दाखविले आहे की, येथे अधीन होणाराच सत्ताधाऱ्याला घडवितो, शिकवितो, त्याचे मन वळवितो, आणि कराराला म्हणूनच मध्यवर्ती स्थान येते.

कादंबरीतील करार मात्र एकतर्फी आहे. वांडा मुक्त करील तेव्हाच सेव्हेरिन मुक्त होणार. तिचा जीवावरही अधिकार आहे, आणि त्यासाठी आत्महत्येची चिठ्ठीही त्याच्या हातून लिहून घेतली जाते. आक्षेप कोठे, केव्हा मांडावयाचा याची काहीच तरतूद नाही. परिणामी करारानंतर सेव्हेरिनचे प्रत्येक बोलणे विनवणी तरी होते किंवा बंड तरी. त्याची मत्सराची वेदना खरी आहे; पण ती चर्चेत मांडण्याची जागाच नसल्याने ती वादाच्या रूपाने फुटते, आणि शेवट अपमानात होतो.

याच्या शेजारी लेखकाने फॅनी पिस्टोर या स्त्रीशी १८६९ मध्ये प्रत्यक्ष केलेला करार ठेवून पाहणे बोधप्रद ठरते. त्यात मुदत सहा महिन्यांची आहे. व्यक्ती व नागरिक म्हणून अप्रतिष्ठा होईल असे काही मागावयाचे नाही. दररोज सहा तास लेखनकामासाठी मोकळे ठेवावयाचे. त्याची पत्रे व लेखन पाहावयाचे नाही. वास्तवातील करारात सत्तेबाहेरचे एक क्षेत्र राखलेले आहे, कादंबरीतील करारात ते पुसलेले आहे. कल्पनेला जे अनिर्बंध हवे असते ते जगण्याला चालत नाही, हे लेखकाला व्यवहारात ठाऊक होते असे यावरून म्हणता येईल. कादंबरीच्या अखेरीस सेव्हेरिन असा निष्कर्ष काढतो की, स्त्रीला शिक्षणात, कामात आणि हक्कांत समानता मिळत नाही तोवर ती पुरुषाची दासी किंवा स्वामिनी होईल, सहचरी होणार नाही. स्वेच्छेने सत्ता देण्यासाठी देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या हाती आधी काही सत्ता असावी लागते, हे त्याचे तात्पर्य.

८. जेथे वादच कर्तव्य ठरतो

या शेवटच्या मुद्द्यामुळे आपल्या विवेचनाची सीमाही स्पष्ट होते. ‘महाभारता’च्या सभापर्वात द्रौपदी सभेला चर्चेची विनंती करीत नाही. युधिष्ठिराने आधी स्वतःला हरविले की मला, हा तिचा प्रश्न थेट निर्णयाधिकारावर आहे : जो स्वतःचा उरला नाही त्याला मला पणाला लावण्याचा अधिकार कोणी दिला? भीष्म धर्माची गती सूक्ष्म असल्याचे सांगून उत्तर टाळतात; विकर्ण बोलतो, त्याला गप्प केले जाते. येथे द्रौपदीने सत्ता दिलेलीच नव्हती. म्हणून तिला ‘चर्चा कर, वाद घालू नकोस’ असे सांगणे अन्याय ठरला असता.

ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा १८८२ मधील निबंध याच जातीचा आहे. पतीची सत्ता ही पत्नीने दिलेली सत्ता आहे, या गृहीतावरच त्या घाव घालतात. त्यांच्या भाषेतील तिखटपणाला उद्धटपणा मानणारा वाचक एक गोष्ट विसरतो : जी सत्ता कधी दिलीच गेली नाही, तिच्या चौकटीत राहून मसलत देणे म्हणजे ती सत्ता मान्य करणे होय. तेथे विगृह्य संभाषा हीच प्रामाणिक भाषा आहे.

तौलनिक अभ्यासकासमोर यातून एक जबाबदारी येते. शरणागती, सेवा, दास्य, पातिव्रत्य हे शब्द दोन्ही प्रकारच्या नात्यांत सारखेच वापरले जातात. केवळ शब्दसाम्यावरून भक्ताचे दास्य आणि रूढीने लादलेले दास्य एका रांगेत बसविले, तर लादलेल्या सत्तेला स्वेच्छेच्या अर्पणाचे तेज उसने मिळते. त्याउलट प्रत्येक अर्पणात केवळ जुलूमच पाहिला, तर अर्जुनाचा परिप्रश्न, महदाइसेची चर्चा आणि तुकारामांचा जाब यांचे वेगळेपण हरवते.

९. समारोप

वरील विवेचनातून चार निकष हाती येतात. पहिला : सत्ता खरोखर दिलेली आहे काय, हे आधी पाहावे, दिलेली नसेल तर वादाला दोष देता येत नाही. दुसरा : बोलण्याचा विषय निर्णय आहे की निर्णयाधिकार, हे पाहावे, सुरावरून ठरवू नये. तिसरा : त्या बोलण्याबद्दल दंडाचे भय आहे काय, हे पाहावे, भय असेल तर तेथे चर्चा नाही, मग सत्ताधारी तिला काहीही नाव देवो. चौथा : संमती मागे घेण्याची वाट कारण न देता खुली आहे काय, हे पाहावे; कारण ही वाट बंद झाली की माघार घेऊ पाहणाऱ्याजवळ वादाखेरीज साधन उरत नाही. सत्ताविनिमयाच्या नात्यात वाद वाढलेले दिसतात तेव्हा अधीन पक्षाच्या हट्टाकडे बोट दाखविण्यापूर्वी हा चौथा प्रश्न विचारणे उचित होईल. साहित्यकृतीतील अशा नात्यांचे वाचन करतानाही, पात्रे काय बोलतात याच्या बरोबरीने त्यांना काय विचारता येत होते याची नोंद अभ्यासकाने ठेवली पाहिजे.